डोळ्याचा रकाना

दीपमाला सिस्टरांच्या डोळ्याची ख्याती आष्ट्यात होती आणि आष्ट्याबाहेरही होती. बाळंतपण झालं, की खाटेखालच्या ट्रेकडे आणि भिजलेल्या कापडांकडे त्या एकदा बघायच्या आणि किती रक्त गेलं त्याचा आकडा सांगायच्या. "तीनशे." नाहीतर "साडेतीनशे." पुढं मिलिलिटर वगैरे लावायच्या नाहीत, गरजच नव्हती. डॉक्टर जयराज माने मानही वर न करता केसपेपरवर तोच आकडा लिहायचे. सव्वीस वर्षं हे असं चाललेलं. आता तो आकडा बरोबर असायचा की चूक, हे सव्वीस वर्षांत कुणी तपासलं होतं का? कुणीच नाही. तपासायला माप लागतं आणि माप नव्हतं. ज्याला कधी मापच लावलं नाही, ते चुकणार तरी कसं! पण ही अक्कल आपल्याला आत्ता सुचते. तेव्हा ती कुणाला सुचली नाही, सिस्टरांना तर नाहीच नाही.

माप आलं ते गेल्या दिवाळीनंतर. बाळ बाहेर आलं, की लगेच बाईच्या कमरेखाली सरकवायची एक पातळ प्लास्टिकची चादर, तिच्या टोकाला खाली लोंबणारा खोलगा, खोलग्यावर रेघा आणि आकडे. रक्त ओघळून त्यात साठणार. रेघ पाचशेला टेकली, की कुणाची वाट बघायची नाही. पोट चोळणं, औषध, सलाईन, तपासणी, सगळं एकदम सुरू करायचं. ड्रेप हे तिचं कागदोपत्री नाव. लेबर रूममधल्या रंगूमावशीनं पहिल्याच दिवशी तिला झोळी म्हटलं आणि तेच नाव रुळलं.

शिकवायला सांगलीहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी वरच्या हॉलमध्ये चादरीवर आणि पॅडवर लाल रंगाचं पाणी ओतून ठेवलं आणि प्रत्येकीला अंदाजाची चिठ्ठी लिहायला सांगितली. पाणी होतं सातशे. चिठ्ठ्या निघाल्या तीनशेच्या, अडीचशेच्या, एक तर चक्क दीडशेची. कापडात मुरलेलं रक्त डोळ्याला दिसत नाही, असं मॅडम म्हणाल्या. पोरी हसल्या, लाजल्या आणि शिकल्या. चिठ्ठी नव्हती ती एकट्या दीपमाला सिस्टरांची. "मी जरा पेशंट बघून येते," म्हणून त्या बरोब्बर त्याच वेळी खाली गेल्या होत्या. पेशंट झोपली होती. सिस्टर पंधरा मिनिटं खिडकीशी उभ्या राहून समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या बघत राहिल्या. आपण भ्यालोय हे त्यांना तेव्हाही कळत होतं, फक्त तसं म्हणायचं नव्हतं.

झोळी कायमची घ्यायची की नाही, ते वापरणाऱ्या नर्सनीच ठरवायचं, असं मेट्रन मॅडमनी जाहीर केलं. हे चांगलंच होतं. एरवी वरून कागद येतो आणि खाली सह्या होतात. इथं तीन महिने वापरून बघायचं, दर बाळंतपणाला एक फॉर्म भरायचा आणि शेवटी सगळ्यांनी बसून निर्णय घ्यायचा होता. फॉर्मवर दोन रकाने. पहिला डोळ्याचा, दुसरा झोळीचा. आधी नुसतं उभ्यानं बघून डोळ्याच्या रकान्यात अंदाज लिहायचा, मग खाली वाकून झोळीवरची रेघ वाचायची. आधी डोळा, मग झोळी. एवढा एकच नियम होता.

पहिल्या बाळंतपणाला सिस्टरांनी अडीचशे लिहिलं. वाकून बघितलं तर चारशे वीस. दुसऱ्याला दोनशे लिहिलं, झोळीत तीनशे नव्वद. तिसऱ्याला त्यांनी चांगलं निरखून, दोनदा बघून तीनशे लिहिलं आणि रेघ पाचशे दहा निघाली. नियमाप्रमाणं औषध दिलं, सलाईन लावलं, रक्त थांबलं, बाई तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली. म्हणजे झोळीनं आपलं काम चोख केलं होतं. पण सिस्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षांतले सगळे तीनशे आणि साडेतीनशे त्यांच्या डोळ्यापुढं उभे राहिले. त्यातले खरे किती होते? ज्या बाया घरी गेल्यावर महिनोन् महिने पांढऱ्याफटक दिसायच्या आणि ज्यांना त्या "खात न्हाईस काय गं नीट?" म्हणून रागवायच्या, त्या बायांचं काय?

माणूस अशा वेळी दोन गोष्टी करू शकतो, चूक कबूल करतो नाहीतर गप्प राहतो. सिस्टरांनी तिसरी केली. त्यांनी ते तीन फॉर्म फाडले, शाई सांडली म्हणून सांगितलं आणि आकडे जुळवून नवे तीन भरले. चौथ्या बाळंतपणापासून त्या आधी वाकायला लागल्या. आधी झोळी बघायची, मग डोळ्याचा रकाना भरायचा. झोळीत चारशे, तर डोळ्याच्या रकान्यात तीनशे ऐंशी. झोळीत दोनशे साठ, तर डोळ्याच्या रकान्यात दोनशे ऐंशी. अगदी तंतोतंत जुळवायचं नाही, एवढं शहाणपणही होतं. पहिल्यांदा करताना हात जड झाला होता. सहाव्या-सातव्या फॉर्मला तोही होईनासा झाला.

मार्चमध्ये बैठक बसली. सगळे मिळून बासष्ट फॉर्म जमले होते, त्यातले चोवीस दीपमाला सिस्टरांचे. त्यांचे दोन्ही रकाने हातात हात घालून चाललेले. बाकीच्या पोरींचे अंदाज झोळीपेक्षा कितीतरी कमी. सगळ्यात वाईट सुमैरा मुलाणीचे. सुमैरा दीड वर्षापूर्वी करारावर लागलेली, बोलायला हळू, कामाला चटपटीत. तिचा डोळा दर वेळी निम्मंच बघायचा. झोळीत पाचशे असेल, तर हिचा अंदाज अडीचशे. तिनं ते जसंच्या तसं लिहिलं होतं, एकही आकडा न झाकता.

"मॅडम, मला झोळी पाहिजे," सुमैरा उभी राहून म्हणाली. "माझा डोळा लय चुकतो."

सगळ्या हसल्या. दीपमाला सिस्टरही हसल्या. हे हसणं पुढं त्यांना फार दिवस ऐकू येणार होतं, पण त्या दुपारी ते आपसूक आलं.

बैठकीचा निकाल असा लागला, की झोळी चांगली आहे, पण अनुभवी डोळा असेल तिथं तिची गरज नाही. दीपमाला सिस्टर ड्युटीवर असतील, तेव्हा झोळी नको. बाकीच्या पाळ्यांना वापरावी आणि पोरींनी सिस्टरांकडून डोळा शिकून घ्यावा. नर्सनीच हात वर करून हे ठरवलं. त्यांनी समोरच्या कागदावर विश्वास ठेवला, यात त्यांचा काय दोष? झोळ्यांचं खोकं कपाटात गेलं आणि सिस्टरांच्या पाळीत कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला राहू लागली.

"सिस्टर, तुमच्यासारखा डोळा मला कधी येईल हो?" जिना उतरताना सुमैरानं विचारलं.

"येईल गं. वेळ लागतो," सिस्टर म्हणाल्या आणि पायऱ्यांकडे बघत उतरल्या.

त्यानंतर महिन्याभरानं एका शुक्रवारी साक्षी आली. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा शिवतेज सैन्यात, पार तिकडं वर सीमेवर. वडील लालासाहेब सैन्यातूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पोरीला ॲडमिट करताना सिस्टरांना हात जोडले. "आवं सिस्टर, ही बी तुमच्याच हातावर झालेली. तेवीस वर्सं झाली. आता हिचं बी तुमीच बघायचं. तुमी हाय म्हणल्यावर आमाला घोर न्हाई."

सकाळी साडेदहाला मुलगी झाली. खणखणीत रडली. थोड्या वेळानं वारही पडली. सगळं कसं सुरळीत. सिस्टरांनी ट्रेकडे बघितलं, कापडांकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाल्या, "तीनशे. लिही सुमैरा."

डॉक्टर माने ओपीडीत होते, म्हणून केसपेपरवर सुमैरानंच लिहिलं, खाली सही केली. मग साक्षीचं अंग पुसायला तिनं कमरेखाली हात घातला आणि तो मनगटापर्यंत लाल होऊन बाहेर आला.

"सिस्टर, झोळी लावूया का? मला जरा जास्त वाटतंय."

"तुझा डोळा निम्मंच बघतो ना? मग आज जास्त कसं दिसलं?" सिस्टर म्हणाल्या. रंगूमावशी फिदीफिदी हसली. सुमैराचं तोंड एवढंसं झालं आणि ती पुन्हा अंग पुसायला लागली.

आता बघा, हिशेब किती साधा होता. जिचा डोळा निम्मंच बघतो, तिला जर जास्त वाटत असेल, तर खरोखर गेलेलं रक्त किती असेल? पहिलीतल्या पोराला कळेल असा हिशेब. आणि झोळ्यांच्या कपाटाची किल्ली तर कमरेलाच होती, हात खाली नेला असता तरी लागली असती. पण किल्ली काढायची, तर आपला डोळा पुरत नाही असं कबूल करावं लागणार होतं, तेही दीड वर्ष नोकरी झालेल्या पोरीसमोर, आणि सिस्टरांना ते जमलं नाही.

अर्ध्या तासानं साक्षी म्हणाली, "कानात कायतरी गुणगुणतंय, सिस्टर. अंधारी येतीया." नाडी एकशे तीसच्या पुढं. ओठ पांढरे. सिस्टरांनी चादर वर केली. खालची गादी पाठीपर्यंत भिजलेली होती. रक्त धो धो गेलंच नव्हतं, हळूहळू झिरपत, कापडात मुरत, नजरेआड गेलं होतं.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. औषधं, दोन्ही हातांना सलाईन, डॉक्टर मान्यांची धावपळ, ॲम्ब्युलन्स. सांगलीला पोचेपर्यंतची चाळीस मिनिटं दीपमाला सिस्टरांनी साक्षीच्या पोटावरचे हात उचलले नाहीत. रस्ताभर गुडघ्यावर उभ्या राहून त्या पोट दाबत होत्या, चोळत होत्या. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, तरी सोडलं नाही. हे अगदी खरं आहे आणि ते त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे हात नसते तर बाई वाटेतच गेली असती. चार बाटल्या रक्त चढलं, दोन दिवस अतिदक्षता विभागात गेले आणि साक्षी वाचली.

मंगळवारी दुपारी सिस्टर तिला बघायला सांगलीला गेल्या. लालासाहेब वॉर्डाच्या दारातच भेटले. सहा फुटांचा, लढाई बघितलेला माणूस, आणि सिस्टरांना बघून वाकायलाच लागला. सिस्टर मागं सरल्या.

"आवं, सरताय कुठं? माजी पोर दोनदा दिलीत तुमी. एकदा तेवीस वर्सांमागं आन् एकदा आता," लालासाहेब म्हणाले. "शिवतेजचा फोन आलता. त्यो म्हनला, पोरीचं नाव दुसरं ठेवायचंच न्हाई. दीपमाला ठेवायचं. बारशाला तुमी पायजे. तुमीच तिच्या कानात नाव सांगायचं."

आत साक्षी उशीला टेकून बसली होती. चेहरा अजून कागदासारखा, पण हसत होती. तिनं जिलेबीचा पुडा पुढं केला. "पोरगी झाली म्हणून आबांनी सगळ्या वॉर्डात वाटली. तुमची ठेवलीया."

सिस्टरांनी जिलेबी तोंडात घातली. ती गिळवेना. सांगून टाकावं, आत्ता, इथंच, असं जिभेवर आलं. साक्षी, मी तीनशे म्हणाले आणि ते तीनशे नव्हतं. पोरगी झोळी लावते म्हणत होती, मी हसण्यावारी नेलं. पण साक्षीची आई तेवढ्यात बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवून गेली. बाळानं जांभई दिली. सिस्टर त्या बाळाकडं बघत बसल्या आणि जिलेबी पाण्याच्या घोटाबरोबर पोटात ढकलली. वाईट काही झालं नाही, पोरगी वाचली, म्हणून लाज कमी व्हायला हवी होती. ती उलट वाढली होती. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेता आल्या असत्या. हे आभार घेऊन जायचं कुठं?

आष्ट्याला परत आल्या, तर रुग्णालयात दुसरंच शिजत होतं. इतकं रक्त गेलं आणि केसपेपरवर तीनशे, हे कसं, अशी विचारणा झाली होती. अक्षर सुमैराचं, सही सुमैराची, आणि तीन महिन्यांचे फॉर्म ओरडून सांगत होते, की या मुलीचा डोळा निम्मंच बघतो. सगळं नीट जुळत होतं. तिचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. वाढवायचा की नाही, ते सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं.

सिस्टरांनी सुमैराला गाठलं. ती लिनन रूममध्ये घड्या घालत होती.

"तू खुलासा दिलास?"

"दिला, सिस्टर." तिनं पेनाचा डाग पडलेली कच्ची प्रत पुढं केली. सिस्टरांनी वाचली. केसपेपरवरचा आकडा त्या वेळी बरोबर होता, त्यानंतर रक्तस्राव वाढला आणि त्याकडे लक्ष ठेवण्यात मी कमी पडले, अशी तीन ओळींत कबुली होती.

"अगं, हे असं का लिहिलंस? तीनशे मी सांगितलं होतं. जास्त वाटतंय असं तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण तुमचा आकडा चुकत नाही ना, सिस्टर," सुमैरा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सिस्टर जगल्या असत्या. पोरीला खरंच तसं वाटत होतं. "चोवीस फॉर्म बघितले मी तुमचे. म्हणजे तेव्हा तीनशेच असणार. नंतरच वाढलं आणि मला कळलं नाही. मी रात्रंदिवस तेच आठवत असते, कधी वाढलं असेल म्हणून. अब्बांना सांगितलंय, मला हे काम जमणार नाही बहुतेक."

सिस्टरांनी तो कागद घडी करून परत दिला. आपण फक्त एक आकडा खोटा लिहीत नव्हतो, या पोरीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून घेत होतो, हे त्यांना त्या चादरींच्या ढिगासमोर उभ्या असताना कळलं. हात मनगटापर्यंत लाल झाला होता तिचा. तरी तिनं हातावर नाही, सिस्टरांच्या फॉर्मवर विश्वास ठेवला.

सोमवारी तीनला वरच्या हॉलमध्ये बैठक बसली. डॉक्टर माने, मेट्रन मॅडम, सगळ्या नर्स आणि दाराशी रंगूमावशी. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. मेट्रन मॅडमनी सुमैराचा खुलासा वाचायला घेतला आणि दीपमाला सिस्टर उभ्या राहिल्या.

"तीनशे मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सुमैराला तेव्हाच जास्त वाटलं होतं. झोळी लावू का, म्हणून तिनं विचारलं होतं. मी तिला हसले."

मग डॉक्टर माने हसले, अगदी मायेनं. "सिस्टर, तुमचं मन मोठं आहे हो. पण पोरीला वाचवायला स्वतःच्या अंगावर कशाला घेताय?"

"अंगावर घेत नाहीये, सर. खरं सांगतेय. आणि ते चोवीस फॉर्मही खोटे आहेत. मी आधी झोळी बघायची आणि मग डोळ्याचा रकाना भरायची. पहिल्या तीन वेळेला माझा अंदाज पार चुकला होता. ते फॉर्म मी फाडले."

आता कुणीतरी चिडेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. त्यासाठी त्या तयारीनं आल्या होत्या. पण मेट्रन मॅडमनी डोळे पुसले. "बघा गं पोरींनो," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "याला म्हणतात सीनियर. ज्युनियरची चूक झाकायला स्वतःचं सव्वीस वर्षांचं नाव पणाला लावायला निघाल्यात. आणि त्या ॲम्ब्युलन्समध्ये यांनी काय केलं, ते सांगलीच्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलंय मला." दोन-तीन पोरींनी तर टाळ्या वाजवल्या. सुमैराही पाणावल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती, एखाद्या पुण्यवान बाईकडे बघावं तसं.

खोटं बोलल्या तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला होता, खरं बोलल्या तर कुणी ठेवीना. इतकं चांगलं नाव कमावलं होतं त्यांनी.

"रंगूमावशी," त्या म्हणाल्या, "खालनं एक जग घे. त्यात लाल रंगाचं पाणी कर. शेजारच्या खोलीत चादर पसर, चार पॅड ठेव आणि मोजून ओत. किती ते मला सांगू नकोस. मग ट्रेमध्ये घालून इथं आण. मागच्या वेळी मी परीक्षेला बसले नव्हते, आज बसते."

"आता हे कशाला, सिस्टर?" डॉक्टर माने घड्याळाकडे बघत म्हणाले. पण सिस्टर खाली बसल्या नाहीत.

दहा मिनिटांनी रंगूमावशी ट्रे घेऊन आली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ट्रे ठेवला. सिस्टरांनी चष्मा पुसून लावला आणि वाकून बघितलं. आणि एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण त्यांनी स्वतः ती नंतर कुणाला सांगितली नाही. त्या क्षणीही त्यांना मनातून वाटत होतं, की आपलं बरोबर यावं. चुकायलाच उभ्या राहिल्या होत्या, तरी सगळा जीव डोळ्यांत आणून त्या बघत होत्या. सव्वीस वर्षांची सवय, ती एका दिवसात कुठं जाते?

"चारशे," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी रंगूमावशीकडे बघितलं. मावशीनं सिस्टरांच्या तोंडाकडे बघितलं. वीस वर्षं दोघींनी एका डब्यात खाल्लं होतं. मावशीच्या पोरीचं बाळंतपण सिस्टरांनीच केलं होतं.

"चारशेच," मावशी म्हणाली. "बराब्बर चारशे वतलं हुतं म्या."

"बघा!" डॉक्टर माने टेबलावर थाप मारत म्हणाले. हॉलमध्ये सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सिस्टर मावशीकडे बघत राहिल्या. मावशीची नजर जमिनीवर. आधी बघायचं आणि मग आकडा जुळवायचा. चोवीस वेळा त्यांनी जे केलं होतं, तेच मावशीनं आता त्यांच्यावरच्या मायेनं करून दाखवलं होतं. हे असंच पसरत जाणार, सिस्टरांच्या मनात आलं. आपल्याला वाचवायला सगळे खोटं बोलतील आणि बाया मात्र पांढऱ्या पडत राहतील. त्यांनी कमरेची किल्ली सोडली.

"सुमैरा, कपाटातनं एक झोळी घेऊन ये."

सुमैरानं झोळी आणली. सिस्टरांनी ती टेबलाच्या कडेला लावली, डॉक्टरांना धरायला सांगितली आणि साडीच्या निऱ्या सावरून चादर हातात घेतली. धुण्याचा पिळा घालतात तशी त्यांनी ती झोळीवर पिळली. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं. दोनशेची रेघ गेली, तीनशेची गेली. चारशेला पोचली तेव्हा चादर अजून निम्मीच पिळून झाली होती. चादर संपली, मग एकेक पॅड. पाचशे. सहाशे. शेवटच्या पॅडनंतर रेघ साडेसातशेला टेकली आणि तरी कापडं ओलीच होती.

रंगूमावशी दाराशी मटकन खाली बसली. "साडेआटशे वतलं हुतं," ती पदरात तोंड घालून म्हणाली. "मला काय कळलं न्हाई गं बाई. तुजं नाव खाली जाऊ ने म्हून बोलले."

"कळलं मला, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "माझंबी तेच झालं हुतं."

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेट्रन मॅडमनी सुमैराच्या खुलाशाचा कागद हळूच उलटा करून ठेवला. डॉक्टर माने झोळी हातात धरून तसेच उभे होते आणि बहुधा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले सगळे तीनशे, साडेतीनशे त्यांना आठवत होते. सुमैरा तेवढी सिस्टरांकडे बघत होती. मघाशी डोळ्यांत जे होतं, ते आता नव्हतं. त्या जागी काय होतं, ते बघायचा धीर सिस्टरांना झाला नाही.

त्यांनी फडक्याला हात पुसले. रंग निघाला नाही, नखांत बसला होता.

"फॉर्म घे," त्या सुमैराला म्हणाल्या. "आधी डोळ्याचा रकाना भर. मग झोळी बघ."

सुमैरानं पहिल्या रकान्यात चारशे लिहिलं. मग ती वाकली, रेघ वाचली आणि दुसऱ्या रकान्यात साडेसातशे लिहिलं. खाली अंदाज करणाऱ्याची सही, असा चौकोन होता. दीपमाला सिस्टरांनी तिथं पूर्ण नाव लिहून सही केली. कागदाच्या कोपऱ्याला त्यांच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला.

"मॅडम, याची एक झेरॉक्स मला पाहिजे," त्या म्हणाल्या. "उद्या बारशाला जायचंय. पोरीच्या कानात नाव सांगायच्या आधी लालासाहेबांना दाखवते."